अंगावरून गेलेले वारे

मोरा बंदरावर ज्याने लाँचची वाट पाहिली आहे, त्याला वाऱ्याची सत्ता निराळी सांगावी लागत नाही. भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच सुटणार की नाही, आणि ओहोटीला ती गाळात अडणार की काय, हे येथे वारा, पाणी आणि तिथी मिळून ठरवितात. अशा गावात माणसाचा हात किंवा पाय एकाएकी कामातून गेला, तर 'त्याच्या अंगावरून वारे गेले' असे लोक म्हणतात. हा वाक्प्रचार काही एकट्या मोऱ्याचा नाही, साऱ्या महाराष्ट्राचा आहे. परंतु तो समजून घ्यावयाचा तर समुद्रकाठासारखी जागा नाही. वारे दिसत नाही, कोठून आले ते कळत नाही, आणि गेल्यावर मागे काय मोडून पडले आहे तेवढेच दिसते.

अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, त्याच्या काही वर्षे आधीची गोष्ट. सकाळच्या लाँचमध्ये आमच्या समोरच्या बाकावर एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगा चलाख होता. तो पाण्यावरचे पक्षी मोजीत होता आणि मोजण्यात चुकला की स्वतःच हसत होता. मात्र त्याचे पाय गुडघ्याशी कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले होते, आणि टाचा काही केल्या फळीला टेकत नव्हत्या. लाँच म्हणजे तरंगती चावडीच. एकाने 'वारं गेलं असणार' असे म्हटले, दुसऱ्याने 'पोलिओ' म्हणून निकाल दिला, तिसऱ्याने 'लुळा आहे बिचारा' म्हणत खिशात हात घातला. टोपली घेऊन बसलेल्या एका कोळी आजीने मात्र मुलाच्या पोटरीवर हात ठेवून पाहिला आणि ती म्हणाली, "लुला कंचा गो बाय? पाय त काठीवानी ताठ हाय."

बाईने पिशवीतून केसपेपर काढून आमच्यापुढे धरला. "काका, हे काय लिहिलंय ते सांगता का?" त्यावर इंग्रजीत 'स्पॅस्टिक डायप्लेजिया' असे दोन शब्द होते. आम्ही पडलो शिकलेले. मोठ्या तत्परतेने आम्ही सांगितले, 'दोन्ही पायांचा लकवा.' घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा उमगले की, त्या दिवशी लाँचवर बरोबर बोलली ती एकटी आजीच. आजचा आमचा विषय त्या चुकीतून निघालेला आहे. माणसाचा स्नायू ताठून बसतो, या एका अवस्थेला माणसांनी कोणकोणत्या काळी काय काय म्हटले, आणि त्या म्हणण्याने काय केले, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

प्रथम ती अवस्था काय आहे ते पाहू. कोणताही स्नायू ओढला गेला की तो स्वभावतःच थोडा आखडून प्रतिकार करतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच गुणामुळे. ही ओढ-आखडीची देवघेव मज्जारज्जूच्या पातळीवरच होते. मेंदूचे काम तिला आवर घालण्याचे. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाली, किंवा म्हातारपणी मेंदूत रक्त साकळले, किंवा मज्जारज्जू दुखावला, म्हणजे हा आवर सुटतो. मग स्नायू थोड्याशा ओढीलाही जबर आखडतो. त्यात विशेष असा की, जितक्या वेगाने ओढाल तितका तो अधिक अडेल. हळू ओढाल तर पुष्कळदा सैल येईल. मोटारीतील सीट बेल्ट ज्याने एकदा झटक्याने ओढून पाहिला आहे त्याला हे कळण्यास अडचण पडू नये. पोलिओत घडते ते याच्या अगदी उलट. तेथे स्नायूला हलवणारे मज्जातंतूच मरतात, आणि पाय खरोखर लुळा, मऊ, लोंबता होतो. दोन्ही मुले चालू शकत नाहीत, दोघांनाही आपण 'पांगळा' म्हणतो. परंतु एकाच्या पायात ताण उरलेला नाही आणि दुसऱ्याच्या पायात तो मावत नाही.

आता आपल्या जुन्या भाषेकडे वळू. आपल्या पूर्वजांना हा भेद माहीत नव्हता असे समजण्याचे कारण नाही. चरकाने वाताचे म्हणून 80 विकार मोजले आहेत. त्यांत पक्षवध आहे, म्हणजे शरीराची एक बाजू निकामी होणे. आणि त्याच यादीत 'दंडक' आहे, म्हणजे अंग दांड्यासारखे ताठ होणे. स्तंभ आहे, ऊरुस्तंभ आहे, आक्षेपक आहे, पांगुल्य आहे. सुश्रुत तर याहून बारकाईने सांगतो. कमरेत राहिलेला वायू मांडीची कंडरा, म्हणजे जाड दोरीसारखी शीर, खेचू लागला की माणूस 'खंज' होतो. दोन्ही मांड्या गेल्या की 'पंगु'. येथे 'खेचणे' हा शब्द ध्यानात ठेवावा. ग्रीकांचा 'स्पास्मॉस' शब्दही ओढणे, खेचणे या अर्थाच्या धातूपासूनच निघालेला आहे, आणि 'स्पॅस्टिक' हे त्याचेच इंग्रजी नातवंड. दोन दूरदूरच्या संस्कृतींना रोग्याचा पाय पाहून एकच क्रियापद सुचले, कारण दोघांनीही तो पाय हाताने धरून पाहिला होता.

या संस्कृत शब्दांचे पुढे मराठीत काय झाले, ही मात्र मोठी मौजेची हकिगत आहे. 'आक्षेप' हा शब्द शरीरातून निघून गेला आणि सभेत जाऊन बसला. आज आक्षेप घेतला जातो तो हिशेबावर किंवा ठरावावर. 'स्नायू' म्हणजे संस्कृत वैद्यकात सांधे बांधणारे दोर. मराठीत स्नायू म्हणजे पिळदार मांस. आणि बंगाल्यात जाल तर तेथे 'स्नायु' म्हणजे मज्जातंतू! 'मज्जा' म्हणजे मुळात हाडातील मगज. आपण तिला तंतू जोडून नाडीतंत्राच्या कामाला लावली. घरगुती बोलीचे तर विचारूच नका. 'शीर' या एका शब्दात रक्तवाहिनी, कंडरा आणि मज्जातंतू अशी तिन्ही बिऱ्हाडे एकत्र राहतात. 'शीर आखडली', 'शीर तुटली', 'शिरेवर शीर चढली', कोठे कोणती शीर ते ऐकणाऱ्याने ठरवावे. याबद्दल मराठीला हसण्याचे कारण नाही. ग्रीक 'न्यूरॉन' या शब्दाचाही मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असाच होता. त्या दोरीचा मज्जातंतू पुढे झाला.

मराठीत जे टिकले ते वाताचे घराणे. धनुर्वात, अर्धांगवायू, संधिवात, आमवात. येथून जवळच पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 मध्ये श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. उरण त्या काळी पनवेल तालुक्याचाच पेटा होता. तेव्हा आमच्या या टापूत वाताची भाषा ही ग्रंथातली भाषा नव्हती. ती तेलाच्या बाटलीवरची, वैद्याच्या ओसरीवरची, रोजची भाषा होती. तिच्यात एक मोठा गुण होता आणि एक मोठा दोष. गुण असा की, ती रोग्याला दोष देत नव्हती; वारे कोणाच्याही अंगावरून जाऊ शकते. दोष असा की, ताठ आणि लुळा हा चरकाच्या यादीतला भेद या एका वाऱ्यात पुसला गेला. ताठ म्हातारा, लुळे मूल आणि कात्रीसारखे पाय झालेले मूल, तिघांवरून गेले ते वारेच. आणि ज्याचे नाव वारे पडले, त्याचे कारण आणखी शोधावयास सहसा कोणी जात नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या विदर्भातले आहे, आणि तेथे आम्ही थोडे थांबणार आहोत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भातशेतीच्या प्रदेशात लाख नावाचे कडधान्य पिकते. तिलाच कोठे लाखोळी, उत्तरेकडे खेसारी म्हणतात. पीक मोठे सोशिक. भात कापणीस येण्यापूर्वीच उभ्या पिकात, ओलसर चिखलात तिचे बी फेकून द्यावयाचे. नांगर नको, खत नको, पुढे पाऊस पडला नाही तरी चालते. म्हणून ज्या वर्षी सारे बुडते त्या वर्षी लाख उभी असते. डाळ चवीला वाईट नाही, आणि जेवणात थोडी असली तर बहुधा काही बिघडतही नाही. परंतु ज्या घरात दुसरे काहीच उरले नाही, तेथे दोन-तीन महिने मुख्यतः लाखेवरच गुजराण झाली की, धडधाकट तरुण माणूस एखाद्या सकाळी उठतो तो त्याच्या पोटऱ्या जड झालेल्या असतात. मग गुडघे वाकेनासे होतात, टाचा उचलल्या जातात, पाय एकमेकांना कातरू लागतात. बुद्धी शाबूत, हात शाबूत, बहुधा वेदनाही फार नाहीत. पुढील अभ्यासकांनी या रोगाच्या पायऱ्या पाडल्या त्या अशा: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. वैद्यकाच्या साऱ्या ग्रंथांत इतके उघडेवाघडे वर्गीकरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

ठगांच्या बंदोबस्ताने प्रसिद्ध झालेल्या स्लीमनने 1844 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर प्रांतातील एक हकिगत दिली आहे. 1829 मध्ये गारांनी गहू गेला, पुढल्या वर्षी पावसावाचून गेला, त्याच्या पुढल्या वर्षी रोगाने गेला. लाख मात्र तिन्ही वर्षे तरारून आली. लोकांनी ती खाल्ली, आणि 1833 च्या सुमारास गावातील तरुणांची कमरेखालची शक्ती जाऊ लागली. लोकांना कारणाचा संशय होता आणि स्लीमनने तो नोंदविला. पुढे मध्य प्रांतातील 1896 ते 1902 या दुष्काळी वर्षांतील या रोगाचा अहवाल डॉ. ब्यूकॅनन यांनी लिहिला आणि तो 1904 मध्ये नागपुरास छापला गेला. दरम्यान 1873 मध्ये नेपल्सच्या कान्तानी या वैद्याने रोगाला 'लॅथिरिझम' असे नाव दिले होते. लाखेच्या वनस्पतीचे शास्त्रीय कुलनाव लॅथिरस, त्यावरून.

आता गंमत पाहा. सुश्रुताने 'कलायखंज' नावाचा एक विकार सांगितला आहे. चालावयास आरंभ करताना जो कापतो, लंगडत जातो, ज्याच्या सांध्यांचे बंध सुटलेले आहेत, तो कलायखंज. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचे कडधान्य. नेमके कोणते, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. परंतु सोळाव्या शतकात भावमिश्राने त्रिपुट नावाच्या, म्हणजे बहुतेकांच्या मते लाखेच्याच, डाळीने माणूस लंगडा-पांगळा होतो असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. म्हणजे आमच्या जुन्या नावात रोग्याची चालही होती आणि त्याचे ताटही होते. 'लॅथिरिझम'मध्ये ताट राहिले, चाल गेली. आणि गावात जे नाव चालत राहिले त्या 'वाता'त दोन्ही गेली. मध्य भारतात कित्येक ठिकाणी शेतमजुराला मजुरीच लाखेत मिळत असे. ज्याच्या घरी धान्याची कोठारे भरलेली, त्याच्या घरी हा रोग नाही, आणि जो त्याचे शेत नांगरतो तो दोन काठ्यांवर. याला वारे म्हणणे मालकाला सोयीचे होते. आम्ही असे म्हणत नाही की कोणी जाणूनबुजून तसे म्हणत होते. सोयीचे शब्द आपोआपच टिकतात.

लाखेच्या विक्रीवर 1961 मध्ये अन्नभेसळीच्या नियमांनी बंदी आली. 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी तिच्यातील विषारी द्रव्य वेगळे करून दाखविले. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले की त्यातील बराच भाग निघून जातो, हेही ठाऊक झाले. महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी उठविली. ती उठवावी की नाही यावर नागपूरकडे वर्षानुवर्षे वाद झाले. त्यात आम्ही शिरत नाही. रोगाचे कारण डाळ की निव्वळ डाळ खावयास लावणारे दारिद्र्य, हा त्या वादाचा गाभा होता, आणि आमच्या मते दोन्ही बाजूंनी खरे तेच सांगितले.

विलायतेत हा विषय पुढे गेला तो एका लंगड्या डॉक्टरमुळे. विल्यम जॉन लिटल याचा जन्म 1810 चा. लहानपणीच्या दुखण्याने त्याचे पाऊल वाकडे झाले होते. जर्मनीत हॅनोव्हर येथे स्ट्रोमायर नावाच्या शल्यवैद्याने 1836 मध्ये त्याची कंडरा कापून पाऊल सरळ केले, आणि लिटलने तीच विद्या लंडनला आणली. वाकड्या अवयवांकडे तो सहानुभूतीने पाही यात नवल नाही. 1861 मध्ये त्याने लंडनच्या प्रसूतिवैद्यांच्या सभेपुढे एक निबंध वाचला. मुलांच्या अंगाचा ताठरपणा पुष्कळदा अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण आणि जन्मतः गुदमरणे यांमुळे येतो, असे त्याचे म्हणणे. दाखल्यासाठी त्याने शेक्सपिअरचा कुबडा राजा तिसरा रिचर्ड पुढे केला. त्या रोगाला मग 'लिटलचा रोग' असेच नाव पडले.

त्याला आमचा अष्टावक्र ठाऊक असता तर त्याने रिचर्डला रजा दिली असती. महाभारताच्या वनपर्वातील कथा आपणा सर्वांना माहीत आहे. गर्भातल्या मुलाने बापाच्या वेदपठणातील चूक काढली, बापाने रागाने शाप दिला, आणि मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले. शाप सोडून द्या. पण शरीराचे वाकणे जन्माच्या आधी, गर्भात सुरू झाले ही कल्पना पाहा. लिटलने बोट ठेवले ते बाळंतपणावर. त्याला 1897 मध्ये हरकत घेतली ती सिग्मंड फ्रॉइड याने. होय, तोच स्वप्नांचा अर्थ लावणारा, परंतु त्याआधी तो मुलांच्या मेंदूरोगांचा नाणावलेला तज्ज्ञ होता. त्याचे म्हणणे असे की, अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षणही असू शकेल. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. पुष्कळ दशके उलटल्यावर मोठमोठ्या पाहण्या झाल्या तेव्हा निघाले ते असे की, जन्मवेळच्या गुदमरण्यामुळे होणारी प्रकरणे आहेत खरी, पण एकूणात ती थोडी. पुष्कळांची मुळे गर्भावस्थेतच असतात. आपल्याकडील किती सुइणींनी आणि किती सुनांनी या एका गैरसमजाचे बोल आयुष्यभर सोसले असतील, याचा हिशेब कोठे मांडलेला नाही.

शब्दांची पुढील वाट भराभर चालू. 1875 मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मनांनी गुडघ्याच्या झटक्याचे वर्णन केले, आणि तेव्हापासून डॉक्टरच्या खिशात हातोडी आली. 1889 मध्ये ऑस्लरने मुलांच्या या रोगांवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच 'सेरेब्रल पाल्सी' हे शब्द होते, ते टिकले. 1898 मध्ये शेरिंग्टनने मेंदूचा वरचा भाग तोडला असता प्राण्याचे पाय खांबासारखे ताठ होतात हे दाखविले. म्हणजे ताठरपणा ही कमी झालेली शक्ती नसून सुटलेला आवर आहे, हे सिद्ध झाले. 1980 मध्ये लान्स या डॉक्टराने त्याची व्याख्या केली, तिचा कणा 'वेग' या शब्दात आहे: वेगाने ताणावे तसा प्रतिकार वाढतो, तो हा विकार.

मुंबईत या मुलांसाठी दारे उघडली ती आधी पोलिओमुळे. फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या मातेने खटपट करून 1947 मध्ये मुंबईत मुलांसाठी एक उपचारकेंद्र सुरू केले. त्या कामातून जी संस्था उभी राहिली तिच्या इंग्रजी नावात 'क्रिपल्ड चिल्ड्रन' हे शब्द होते. त्या काळी त्यात कोणास काही टोचले नाही. आज लोकांच्या तोंडी आद्याक्षरेच राहिली आहेत. हाजी अली येथे 1955 मध्ये पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. लुळे आणि ताठ एकाच रांगेत बसत, आणि रांग मोठी होती ती लुळ्यांची. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ 2011 च्या जानेवारीत सापडला. ती रांग ओसरली तेव्हा मागे उभी असलेली ताठ पायांची मुले सर्वांना दिसू लागली. लाँचवरचे ते गृहस्थ मात्र अजून 'पोलिओ'च म्हणत होते.

1972 मध्ये मिठू अलूर यांनी कुलाब्यास या मुलांची वेगळी शाळा काढली आणि संस्थेचे नाव ठेवले 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया'. हेतू स्पष्ट होता. ही मुले मतिमंद म्हणून शाळेबाहेर ठेवली जात होती. नुसते अपंग नव्हे, वेडे नव्हे, यांचे दुखणे स्नायूंच्या ताठरपणाचे आहे, हे त्या शब्दाने सांगावयाचे होते. त्यांची कन्या मालिनी छिब यांनी पुढे एका बोटाने टंकलेखन करून आत्मवृत्त लिहिले, ते 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा शब्द वाईट नव्हता. विलायतेतही 1952 मध्ये याच नावाची संस्था पालकांनी अभिमानाने काढली होती. परंतु शब्द शाळेच्या मैदानात पोहोचला. 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्या निमित्ताने बी. बी. सी.ने मुलांच्या कार्यक्रमात जोई डीकन या ताठर अंगाच्या गृहस्थाची कर्तबगारी दाखविली, आणि पोरांनी कौतुक करावयाचे सोडून त्याच्या हालचालींची नक्कल आणि त्या शब्दाची शिवी केली. 1994 मध्ये त्या संस्थेला नाव टाकून 'स्कोप' असे निरुपद्रवी नाव घ्यावे लागले. मग काही शाळांत त्या नव्या नावाचीही शिवी झाली असे सांगतात. मुंबईच्या संस्थेनेही पुढे 'अडॅप्ट' हे नाव घेतले. स्नायूचे विशेषण मुलाचे नाव झाले, आणि मुलाचे नाव झाले म्हणूनच ते शिवी होऊ शकले. स्नायूला कोणी शिवी देत नाही.

आमच्याकडे हीच फेरी दुसऱ्या शब्दांवर चालली. लंगड्या, लुळ्या, पांगळ्या या हाका; त्यांवर पांघरूण म्हणून 'अपंग', मग 'विकलांग'. 27 डिसेंबर 2015 रोजी पंतप्रधान मोदी यांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचविला, आणि 2016 च्या कायद्याच्या हिंदी नावात तो बसला. अपंगांच्याच काही संघटनांनी त्यास विरोध केला. आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हांस जिना चढता येत नाही एवढेच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. महाराष्ट्रात 2022 मध्ये याच नावाचे स्वतंत्र खाते निघाले. पांगळ्याला पर्वत चढविणाऱ्या कृपेची प्रार्थना आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. पायरीशेजारी उतरण करावी हे मात्र सुचावयास फार वेळ लागला.

या साऱ्या बदलात एक गोष्ट आम्हांस खटकते. सगळी खटपट झाली ती माणसाला काय म्हणावे याची. पायाला काय म्हणावे, ते तसेच राहिले. आजही मराठीत या मुलांच्या अवस्थेला 'मेंदूचा पक्षाघात' म्हणतात. आघात मेंदूवर झाला हे खरे. परंतु मराठी कानाला पक्षाघात म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो गळून पडलेला हात. आखडणे, ताठणे, ताठर हे शब्द स्वयंपाकघरात आणि मिठागरात रोज चालतात, परंतु दवाखान्याच्या कागदावर ते क्वचितच चढतात. तिकडे युरोपातील तज्ज्ञांच्या एका मंडळाने 2017 मध्ये अशी शिफारस केली की, स्नायू हाताने ताणताना जो अवाजवी विरोध लागतो त्याला सरसकट 'स्पॅस्टिसिटी' न म्हणता सरळ 'अतिविरोध' अशा अर्थाचा शब्द वापरावा, आणि त्यात आखडीचा भाग किती व स्नायूच मुळात आकसून गेल्याचा भाग किती, हे वेगळे सांगावे. म्हणजे दीडशे वर्षांनी विद्वानांचा हातही पोटरीवरच येऊन थांबला.

त्या बाईची आणि आमची पुन्हा गाठ पडली ती काही महिन्यांनी, उरणच्या बाजारात. आम्ही आमची चूक कबूल केली. ती हसली आणि म्हणाली, "मला कळलं होतं, काका. तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं." पूर्वी ती काय करीत असे, तेही तिने सांगितले. शेजारीपाजारी सारे लुळा म्हणत. तेव्हा लुळ्या पायात जीव यावा म्हणून ती रोज सकाळी तेल लावून ते पाय जोराने, भराभर ओढीत असे. जितके ओढावे तितके ते आवळत. मूल रडे, आणि आपण कमी पडतो असे वाटून ती आणखी जोर करी. दोन वर्षे हे चालले होते. आता तिच्याजवळ मराठीत हाताने लिहिलेला एक कागद होता, घडीवर फाटत आलेला. त्यावर लिहिले होते: पाय ताठ आहे. हळू उघडा. झटका देऊ नका. तीस मोजेपर्यंत धरा.

मोजावयाचे काम मुलाकडे आहे. तो सत्तावीसवरून एकदम तिसावर उडी मारतो, असे ती तक्रारीच्या सुरात सांगत होती.